नऊ डब्यांचा रंग

"रूळ ने, स्टेशन ने, बोगदा ने, दोन्ही इंजिनं ने. डबे मात्र राहू देत."

माईंनी हे इतक्या हळू सांगितलं की थोरल्याला वाटलं, त्या दूध उतू जाण्याबद्दल काही म्हणताहेत. त्यांचा आवाज मुळातच तसा. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे भांडण झालं तरी भिंतीला पत्ता लागत नाही. थोरला मागच्या खोलीत फरशीवर बसून पुठ्ठ्याच्या खोक्यांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबत होता. त्याने मान वर केली.

"राहू देत म्हणजे? डब्यांशिवाय गाडी कशी जाईल?"

"जाईल तेव्हा जाईल. आधी मला त्यांचा रंग उतरवायचाय."

"कुठला रंग?"

"त्यांच्यावर आहे तो."

थोरल्याने हातातला बोळा खोक्यात टाकला आणि फळीकडे पाहिलं.

मागच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत एक लांब फळी होती आणि फळीवर वडिलांनी मांडलेली छोटी आगगाडी. वडील एका कचेरीत नकाशे काढायचे आणि घरी आले की चहा घेऊन थेट या खोलीत शिरायचे. रूळ सुताने मोजून बसवलेले, सिग्नलचे हात काडेपेटीतल्या काडीएवढे, स्टेशनच्या छपरावरची कौलंसुद्धा एकेक करून चिकटवलेली. डबे तेवढे तयार मिळालेले. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातले, प्लॅस्टिकचे, जुन्या बाजारात एका खोक्यात सापडलेले. नऊ डबे, नऊच्या नऊ राखाडी.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. वडिलांच्या छंदमंडळाच्या नव्या दालनात ही गाडी काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं होतं. गुरुवारी चिटणीस न्यायला येणार होते आणि रविवारी उद्घाटन. शोकसभेत थोरला जे बोलला ते लोकांना अजून आठवत होतं. "बाबांना भपका सोसायचा नाही. त्यांची गाडी बघा. साधी, राखाडी. तोच त्यांचा स्वभाव." तो बोलत असताना पहिल्या रांगेत बसलेल्या माई स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या होत्या.

"माई, तो बाबांनी स्वतःच्या हाताने दिलेला रंग आहे."

"मला माहितेय. जेवणाआधी चार डबे, जेवणानंतर पाच. माझ्यासमोर दिला."

"मग?"

"मग उतरवायचाय."

"काही कारण?"

"आहे."

"सांग की मग."

"ते नाही सांगणार."

माईंचे नेम घरात सगळ्यांना पाठ होते. पहाटे अर्धा तास जप, तो होईस्तोवर पाण्याचा घोटही नाही. पहिला घास पाखरांना. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला की स्तोत्र, मग पाहुणे येवोत की ताप येवो. पण एक नेम कोणालाच ठाऊक नव्हता. नवऱ्याला पोचवून लोक परत आले त्या संध्याकाळी त्यांनी तो मनातल्या मनात घेतला होता: गेलेल्या माणसाबद्दल तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. जो उत्तर द्यायला समोर नाही त्याच्यावर फिर्याद कसली करायची? तीन वर्षांत तो नेम एकदाही मोडला नव्हता. कधी एखादं वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसायचं. तेव्हा त्या जीभ दातांखाली धरून, नळ सोडून, असलेली नसलेली भांडी घासायला घ्यायच्या.

आता पंचाईत अशी की कारण सांगावं तर नेम मोडतो, आणि नेम पाळावा तर मुलाला वाटणार म्हातारीचं डोकं फिरलं. माईंनी फिरलेलं डोकं पत्करलं.

कारण साधंच होतं. एकतीस वर्षांपूर्वी हे डबे लाल होते. खाली गडद लाल, खिडक्यांच्या पट्ट्याला सायीसारखा पांढरा आणि दोन्हींच्या मधून केसाएवढी काळी रेघ. रंगांचा तक्ता नवऱ्याने आखलेला, पण हात माईंचा. नवऱ्याचा हात पेन्सिलीला जेवढा हलका तेवढाच ब्रशला जड. रंगाला बुडबुडे यायचे, कडेला ओघळ यायचे, मग ते डबा ठेवून द्यायचे आणि बाहेर जाऊन नुसतेच उभे राहायचे. एका दुपारी माईंनी न विचारता एक डबा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रंगवून ठेवला. संध्याकाळी नवऱ्याने तो भिंगाखाली धरला, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन डबे टेबलावर आणून ठेवले. त्यांच्या संसारात कौतुक असंच यायचं.

मग मंडळाचं प्रदर्शन भरलं. म्हातारे परीक्षक त्या काळ्या रेघेवर भिंग धरून बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "हा हात कोणाचा?"

"माझाच," नवरा म्हणाला.

वडिलांचं बोट धरून उभी असलेली सात वर्षांची धाकटी लेक अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोटं! आईने रंगवलंय!"

लोक हसले. कुत्सित कोणी हसलं नाही, गंमत वाटून हसले. परीक्षक म्हणाले, "मग बक्षीस वहिनींनाच द्यायला हवं," आणि पुन्हा एकदा हसू झालं. पुढच्या रविवारी नवऱ्याने जिन्याच्या भिंतींना लावून उरलेला राखाडी रंग काढला. जेवणाआधी चार डबे, जेवणानंतर पाच.

त्या दिवसापासून माईंनी ब्रश हातात धरला नाही. कोणी मनाई केली नव्हती. केली असती तर मोडता तरी आली असती.

आणि आता ती गाडी काचेत जाणार, काचेला कुलूप लागणार, आणि राखाडी कायमचं होणार. माईंचं म्हणणं एवढंच होतं की डबे या घरातून राखाडी होऊन बाहेर पडायचे नाहीत.

"गुरुवारी चिटणीस येतील, त्यांना काय तोंड दाखवू?" थोरला म्हणाला.

"आहे तेच दाखव. वाईट नाही."

"थट्टा करू नकोस गं. बिघडलं काही तर?"

"बिघडलं तर माझ्या हातून बिघडेल."

थोरला खोकी तशीच टाकून गेला आणि त्याने बहिणीला फोन लावला. धाकटी दुपारी हजर. दारातच चपला भिरकावत म्हणाली, "दादा म्हणाला, जा, माईला समजाव. म्हणून आले. स्पिरिट घेऊन आले."

धाकटी कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. गावातले निम्मे म्हातारे तिच्या हातचे दात लावून हसायचे. तिची पिशवी ओट्यावर उघडली गेली: स्पिरिटची बाटली, कापसाच्या काड्या, मऊ टूथब्रश, रबरी हातमोजे, दातांच्या खाचा कोरायची दोन हत्यारं.

"थिनर नाही आणलंस?" माईंनी विचारलं.

"थिनरचं नावही काढू नकोस. रंगाआधी डबाच विरघळून वाटीत बसेल." तिने एक डबा उचलला, खालची चाकं सोडवली, खिडक्यांच्या आतल्या पारदर्शक पट्ट्या अलगद काढून बशीत ठेवल्या आणि उरलेलं रिकामं कवच नाकाशी धरलं. "आंबट वास येत नाही. बरं आहे. जुन्या प्लॅस्टिकमध्ये एक जात असते, तिला शिरक्यासारखा वास येतो. तिच्या वाटेला जायचं नाही, वाकडी होऊन बसते."

"सासूसारखी."

"माझी सासू बरी आहे हं. तू तुझ्या सासूचं बोल."

"गेलेल्यांबद्दल मी बोलत नाही," माई म्हणाल्या, आणि त्यातला खरेपणा त्यांच्या एकट्यापाशीच राहिला.

आधी छपराच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात धाकटीने स्पिरिटची काडी फिरवली आणि दोघी थांबल्या. प्लॅस्टिक चिकट झालं नाही, पांढरटही पडलं नाही. मग बाहेरच्या बाजूला. काडी गोल गोल फिरली, आणि राखाडी रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. धाकटीने हत्याराच्या टोकाने कड उचलली. बोटाएवढी एक कातडी निघून आली.

खाली लाल होता.

"अगं बाई," धाकटी म्हणाली.

"भिंतीचा रंग पाण्यातला, म्हणून तो सुटतो. माझा तेलातला. तो घट्ट बसलाय." माईंचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

"तुझा?"

माईंनी जीभ दातांखाली धरली, पण धाकटी काडी हातात तशीच धरून त्या लाल चौकोनाकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या वरच्या कडेला आणखी जरा घासलं. काळी रेघ दिसू लागली.

"माई. ही रेघ मी बघितलीय. कोणीतरी माणूस भिंग घेऊन... आणि मी काहीतरी ओरडले. मी ओरडले होते ना?"

"तू सात वर्षांची होतीस."

"म्हणून त्यांनी—"

"पुढे बोलू नकोस."

"माझ्यामुळे?"

"तू खरं बोललीस. खऱ्याचा दोष नसतो. घास आता, स्पिरिट उडून जातंय."

धाकटीने नाक ओढलं, डोळे बाहीला पुसले आणि घासायला लागली. पण मघाशी प्रयोग म्हणून घासत होती, आता अंगात आल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तिने रजाच टाकली. "एक दिवस म्हातारे मऊ खातील," म्हणाली. सोमवारी दुपारपर्यंत टेबलावर चार डबे लाल होऊन उभे होते. कुठे रंगाचा टवका गेलेला, कुठे सायीची पट्टी पिवळी पडलेली, पण रेघ जशीच्या तशी. शेजारीण डोकावून म्हणाली, "आई गं, केवढे देखणे! हे असं झाकलं कोणी?" माईंनी तिला साखरेची वाटी परत दिली आणि दार लावून घेतलं.

पाचवा डबा जेवणाचा. त्याच्या खिडक्या रुंद, आत टेबलांची रांग. धाकटीने सरावाने काडी फिरवली. राखाडी सुरकुतलं. आणि त्याच्यासकट लालही उठला. फोड यावा तसा फुगला, मग टोमॅटोच्या सालीसारखा अख्खा पडदा सुटून काडीला गुंडाळला गेला.

"थांब, थांब!" माई म्हणाल्या, पण स्पिरिट खालून पसरत गेलं होतं. धाकटीने पाण्याखाली धरला, तर पाण्याबरोबर उरलंसुरलंही वाहून गेलं. बेसिनच्या जाळीवर लाल चिंध्या जमल्या.

ओल्या डब्याचा वास माईंच्या नाकात शिरला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "लाख!"

"काय?"

"हा माझा पहिला डबा. न विचारता घेतलेला तो. प्लॅस्टिक गुळगुळीत, रंग धरेना, म्हणून मी आधी लाखेचा हात दिला होता. कपाटाच्या पॉलिशची बाटली होती घरात. पुढच्यांना दिला नाही, त्यांना नुसतं बारीक कागदाने घासून घेतलं. साफ विसरले बघ."

"आणि लाख स्पिरिटातच विरघळते," धाकटी म्हणाली, आणि मटकन खुर्चीत बसली. "दहा वेळा तपासलं. छपराच्या आत तपासलं. पण आतून तू लाख कशाला लावशील! माई, मी तुझा पहिला डबा घालवला."

माईंनी डबा हातात घेतला. उघडं प्लॅस्टिक, जरासं पिवळट.

"आमच्या दातांच्या रंगांच्या शेडकार्डावर हा रंग आहे," धाकटी रडवेल्या आवाजात म्हणाली. "बी-तीन. चहा पिणाऱ्याचा दात."

माईंच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, दुसरा वाट बघत होता. त्या डोळ्यांपेक्षा बोटांनी बघायच्या. आताही त्यांचा अंगठा डब्याच्या कुशीवरून फिरला आणि थांबला. परत फिरला. खिळ्यांच्या डोक्यांची एक ओळ होती. मोहरीहून बारीक, सारख्या अंतराने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाराला बिजागऱ्या होत्या. दाराच्या मुठीला वळण होतं. खिडकीच्या चौकटीला आत उतरणारी धार होती. माईंनी शेजारचा लाल डबा घेतला आणि त्याच जागी अंगठा फिरवला. गुळगुळीत. खिळे बुजलेले, बिजागऱ्या नुसत्या उंचवट्यासारख्या.

"हे मी बुजवलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"राखाडीच्या आधीच बुजलेलं होतं. माझा रंग जाड होता. दोन हात दिले, तिसराही दिला. घाबरत होते ना, कुठे उघडं राहील म्हणून."

त्यांनी उरलेल्या तीन लाल डब्यांवरूनही अंगठा फिरवला. रस्त्यावरून कोणी जुन्या बाटल्या मागत गेलं. मग त्या उठल्या आणि पदर खोचत म्हणाल्या, "हा लालही काढायचा. सगळ्यांचा."

धाकटी ताडकन उभी राहिली. "डोकं ठिकाणावर आहे का? दोन दिवस मी काड्या घासघासून बोटांची सालं काढली ती कशाला? या लालसाठी! हा तुझा हात आहे, माई. एकतीस वर्षं गाडला होता तो आत्ता कुठे वर आला, आणि तू म्हणतेस काढ?"

"हा," माईंनी आपला उजवा हात तिच्या नाकासमोर धरला, जरासा थरथरणारा, नखांत राखाडी अडकलेला, "हा माझा हात. डब्यावर आहे तो तक्ता. रंग कोणता ते ठरलेलं. रेघ कुठे ते ठरलेलं. मी ती सरळ ओढली, बस."

बोलून झाल्यावर त्यांनी मनात तपासून पाहिलं, नेम मोडला का. नव्हता मोडला. तक्ता होता हे काही वाईट बोलणं नव्हे. तक्ता चांगलाच होता. पण त्यांचा नव्हता.

"माई, सगळे म्हणतील, एकाने राखाडी फासलं आणि दुसरीने उरलेलं धुऊन टाकलं. हाती काय आलं? धोंडा."

"नऊ कोरे डबे आले. एवढं कोरं माझ्या हाती आयुष्यात कधी आलं नव्हतं."

यावर धाकटी भांडली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणाली, दादा म्हणतो ते खरंच आहे म्हणाली, मी यात नाही म्हणाली. मग चहा करून प्यायली आणि विचारलं, "घरात झाकणाचं मोठं भांडं आहे का? नकोसं असलेलं. तेलातल्या रंगाला स्पिरिट पुरत नाही. मोटारीच्या ब्रेकचं तेल लागतं. त्यात दोन दिवस बुडवून ठेवायचं, प्लॅस्टिकला काही होत नाही. हातमोज्यांशिवाय हात घालशील तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

गॅलरीच्या कोपऱ्यात दोन दिवस ते भांडं झाकून राहिलं. बुधवारी संध्याकाळी दोघींनी डबे बाहेर काढले. लाल रंग ओल्या मातीसारखा झाला होता, ब्रशच्या पहिल्याच फटक्याला निघत होता. साबणाचं पाणी मुद्दाम गार घेतलेलं. गरम पाण्याने डबे मुरडले असते. जुन्या पंच्यावर नऊ कवचं ओळीने पालथी झाली, आणि नेमका तेव्हाच थोरला आला.

तो दारातच थांबला.

"धाकटीने मला सांगितलं," तो म्हणाला. "प्रदर्शनाचं. ते परीक्षक, तो राखाडी रंग, सगळं. मला काहीच माहीत नव्हतं, माई. मी तर शोकसभेत... मी किती मूर्खासारखं बोललो. बाबांनी हे असं करायला नको होतं. हा शुद्ध—"

"गप," माई म्हणाल्या.

थोरल्याने आईच्या तोंडून हा शब्द कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"त्यांच्याबद्दल या घरात वाईट बोलायचं नाही. तू तर नाहीच. तुझे ते वडील होते. शोकसभेत बोललास ते तुझ्यापुरतं खरं होतं, ते तसंच राहू दे."

"मग हे सगळं कशासाठी? मला वाटलं, तू त्यांच्यावर चिडून..."

"लोकांना असं सांगितलंस ना, तर बघ! चिडायचं असतं तर तेव्हाच चिडले असते. तेव्हा माझे डोळे धड होते. आता मला भांडण उकरायला वेळ नाही. मला डबे रंगवायचेत."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हा सगळ्यांना हे कमी का वाटतं?"

थोरला पंच्यासमोर उकिडवा बसला. एका डब्यावरचं पाणी त्याने खिशातल्या रुमालाने टिपलं, मग दुसऱ्यावरचं.

गुरुवारी सकाळी चिटणीस आले. गोल, हसतमुख माणूस. नवऱ्याचा जुना मित्र. मंडळात त्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. रूळ, स्टेशन, बोगदा सगळं टेंपोत चढलं. मग त्याला टेबल दिसलं, आणि हसू हळूहळू मावळलं.

"वहिनी, हे काय होऊन बसलं?"

"रंग उतरवलाय."

"पण जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो हो! आमचा पहिला नियम. जसं आहे तसं ठेवायचं. आता तुम्हाला कोण सांगणार..."

"बरोबर. मला कोणी सांगितलं नाही."

चिटणीसाने कपाळ पुसलं. मग त्याला वाट सुचली, तसा तो पुन्हा खुलला. "काही हरकत नाही! आमच्याकडे एक स्प्रेवाला पोऱ्या आहे. तोच राखाडी रंग जुळवून आणतो. दोन तासांत नऊच्या नऊ. कोणाला सुगावा लागायचा नाही. पाटीसुद्धा तयार आहे, 'संपूर्ण निर्मिती' म्हणून त्यांचं नाव कोरलंय." आणि त्याने हात लांब करून जेवणाचा डबा उचलला.

"खाली ठेवा," माई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. पण चिटणीसाने डबा ठेवला.

"वहिनी, उद्घाटनाला पाहुणे येताहेत. काचेच्या पेटीत मी काय दाखवू? रिकामे रूळ?"

"दाखवा की. रूळ फार सुंदर आहेत. खालचे एवढे बारीक स्लीपर बसवायला त्यांना दोन वर्षं लागली. डबे असले की रुळांकडे कोणी बघत नाही."

"पण लोक विचारतील, गाडी कुठेय?"

"सांगा, यायचीय."

"कधी?"

"ते मी ठरवेन."

"आणि पाटी?"

"पाटीत खोटं काही नाही. नकाशा त्यांचा, रूळ त्यांचे, स्टेशन त्यांचं. राहू दे. डबे येतील तेव्हा डब्यांना वेगळी पाटी करा. नाही केलीत तर डबे येणार नाहीत."

चिटणीसाने आशेने थोरल्याकडे पाहिलं. "अरे, तू तरी सांग आईला."

थोरला दाराशी शेवटचं खोकं घेऊन उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, मग ओळीने मांडलेल्या नऊ पिवळट कवचांकडे. "काका," तो म्हणाला, "सिग्नलचं खोकं पुढे ठेवूया. मागे हादरे बसतात." आणि तो जिना उतरू लागला.

"दातांच्या कण्या केल्या तरी या घरात माझं कोणी ऐकायचं नाही," चिटणीस पुटपुटला.

"कण्या झाल्याच तर माझ्याकडे या," धाकटी म्हणाली. "नवीन बसवून देईन."

रविवारी माईंचा जप झाला, पाखरांना घास गेला, आणि त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसल्या. दुकानातून रंग त्यांनी स्वतः आणले होते. दुकानदाराने आगगाडीसाठी म्हणून लाल आणि हिरवा पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "मला काय हवंय ते मला बघू दे." अर्धा तास झाकणं उघडून बघितलं. शेवटी निवडलं ते सांजवेळेच्या आभाळाचं जांभळं, वांग्याहून फिकं. धाकटीने कपाळाला आठ्या घातल्या. माईंनी पातळ केलेला एकच हात दिला, खिळ्यांची ओळ उघडी राहील असा. तो सुकला. आता रेघ, खिडक्यांखाली, त्यांनीच ठरवलेल्या जागी.

फोन वाजला. धाकटीने तो आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडे दालनातली गर्दी, खुर्च्यांचे आवाज.

"माई," थोरला ओरडून बोलत होता, "लोक रुळांभोवती उभे आहेत. रिकामे बघून सगळे विचारताहेत, डबे कधी? चिटणीसकाका म्हणताहेत, एक तारीख तरी सांगा."

"पहिल्याची रेघ ओढतेय. तारीख नाही."

"सरळ येतेय ना?"

माईंनी ब्रश उचलला. रेघ दारापर्यंत आली होती आणि तिथे, बिजागरीच्या वर, हाताबरोबर थरथरली होती. चांगली गव्हाच्या दाण्याएवढी वर गेली होती. धाकटीने स्पिरिटची काडी पुढे केली. माईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

"नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "थरथरत येतेय."

"मग? पुसून पुन्हा ओढणार?"

"पुसायचं आता पुरे झालं. सुकू दे," माई म्हणाल्या, आणि ब्रश रंगात बुडवून रेघ दाराच्या पुढे न्यायला घेतली.